मंडालेचा राजा आणि रत्नागिरीचा वाडा

१९०८ च्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेच्या तुरुंगात आणून ठेवण्यात आले. हा तुरुंग ब्रह्मदेशाच्या राजधानीच्या जुन्या कोटातच होता. त्याच कोटातील राजवाड्यातून २३ वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्या देशाच्या अखेरच्या राजाला बाहेर काढले होते. टिळक मंडालेच्या लाकडी कोठडीत पाऊल टाकीत होते, तेव्हा हा पदच्युत राजा थिबा कोठे होता? तो रत्नागिरीत होता. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म ज्या गावी झाला, त्याच गावी तो नजरकैदेत दिवस कंठीत होता. १९१० च्या हिवाळ्यात टिळक मंडालेत 'गीतारहस्य' लिहावयास बसले आणि त्याच सुमारास, नोव्हेंबरात, थिबा रत्नागिरीतील नव्या वाड्यात राहावयास गेला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. परंतु एकाच्या गावी दुसऱ्याचा बंदिवास, असा हा विलक्षण विनिमय सहा वर्षे चालू होता.

याला योगायोग म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि साम्राज्याच्या कारभारात अशा गोष्टी केवळ योगायोगाने होत नसतात. जिंकलेल्या राजाला ठार मारले तर तो हुतात्मा ठरतो, त्याच्या मुलुखातच ठेवले तर तो बंडाचे निशाण होतो. तेव्हा त्याला समुद्रापार न्यावे, जेथे त्याची भाषा कोणाला समजत नाही आणि त्याचे नाव ऐकून कोणाचे रक्त उसळत नाही अशा ठिकाणी ठेवावे, ही इंग्रजांची ठरलेली रीत होती. नेपोलियनला सेंट हेलेना बेट मिळाले, मिसरच्या अरबी पाशाला सिलोन मिळाले. दिल्लीच्या बहादूरशाहाला १८५८ साली रंगूनला धाडण्यात आले आणि चार वर्षांनी तो तेथेच मातीस मिळाला. दिल्लीचा बादशहा रंगूनला, मंडालेचा राजा रत्नागिरीला, आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेला! नकाशावर रेघा ओढून पाहिल्या म्हणजे या राज्ययंत्राची नीती कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक स्पष्ट होते.

मग रत्नागिरीच का? याचे उत्तर इतिहासात नाही, भूगोलात आहे.

पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि या दोहोंच्या मध्ये अरुंद, उंचसखल पट्टी. तीही सलग नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा नद्या घाटमाथ्यावरून उतरतात, थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात आणि मिळण्यापूर्वी रुंद खाड्या करतात. उत्तर-दक्षिण चालणाऱ्या माणसाला दर काही कोसांवर तर गाठावी लागे. कोल्हापुराकडे जावयाचे तर आंबा घाट चढावयाचा. मुंबईस जावयाचे तर बोट, आणि ती बोट पावसाळ्याच्या तोंडाशी बंद होई ती नारळीपौर्णिमेच्या सुमारास समुद्र शांत झाल्यावर पुन्हा सुरू होई. वर्षाचे तीन महिने हा मुलूख जगापासून जवळजवळ तुटलेला असे. दक्षिण कोकणाचे मुख्य ठाणे १८२२ साली बाणकोटहून रत्नागिरीस हलविले, तेव्हा कारभाराला मध्यवर्ती जागा हवी होती. पुढे त्याच सरकारला कैद्यासाठी आडबाजूची जागा हवी झाली आणि तीही त्याला येथेच सापडली. कलेक्टर आहे, तुरुंग आहे, बंदर आहे, पण रेल्वे नाही. राजबंदी ठेवावयास याहून सोयीचे गाव मुंबई इलाख्यात शोधून सापडले नसते.

थिबा १८८६ च्या एप्रिलमध्ये मद्रासमार्गे येथे आला तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. आदल्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या फौजा इरावतीतून वर आल्या आणि फारशा लढाईवाचून राज्य गेले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले. राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि सवत असलेली दुसरी राणी, लहान मुली आणि नोकरचाकर असा हा परिवार होता. प्रारंभी त्यांना बंगल्यांतून ठेवण्यात आले, आणि तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था २४ वर्षे टिकली! तनखा ठरलेला, खर्च राजेशाही सवयींचा. मंडालेहून आणलेली रत्ने एकेक करून विकली गेली आणि तरीही कर्ज झाले. राजा व्हाइसरॉयकडे अर्ज करी, उत्तरे येत ती नकाराची. त्याच्यावर देखरेखीला सरकारी अंमलदार नेमलेला असे आणि त्याच्या परवानगीवाचून राजाला फारसे काही करता येत नसे.

अखेर वाडा बांधला गेला. भाट्याच्या खाडीकडे आणि समुद्राकडे तोंड करून, उंचवट्यावर, तीन मजली, उतरत्या छपरांचा, अर्धवर्तुळाकृती लाकडी खिडक्यांचा आणि रंगीत काचांचा. तो ब्राह्मी पद्धतीचा आहे असे पाहुण्यांना सांगण्याची प्रथा आहे. लाकूडकामात तशी छाया दिसते हे खरे, परंतु एकंदर वास्तूवर सरकारी बांधकाम खात्याची मुद्रा त्याहून ठळक आहे. इंग्रज कलेक्टराच्या बंगल्याने राजवाड्याचे सोंग घ्यावे, तसे काहीसे ते आहे. मात्र त्याच्या सज्जात उभे राहिले म्हणजे जागा निवडणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. खाडीचे मुख, पलीकडची भाट्याची पुळण आणि क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी दिसते. ज्याला कोठेही जाता येत नाही अशा माणसाला दिलेले ते दृश्य आहे.

या वाड्यात थिबा सहा वर्षे राहिला. १९१२ मध्ये धाकटी राणी वारली आणि १९१६ च्या डिसेंबरात तो स्वतः गेला. थोरल्या राणीला त्याचा देह मायदेशी न्यावयाचा होता. सरकारने ते मान्य केले नाही. मेलेल्या राजाचीही एवढी धास्ती होती. अखेर १९१९ साली रत्नागिरीतच दोघांचे अवशेष थडग्यात ठेवण्यात आले आणि त्याच वर्षी उरलेला परिवार ब्रह्मदेशी परतला. पुढे थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस पुन्हा आली. एका स्थानिक मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. राजकन्येचे आयुष्य हलाखीत गेले आणि १९४७ साली ती येथेच निवर्तली. तिची मुलगी मराठी बोलत, मराठी घर चालवीत रत्नागिरीतच म्हातारी झाली आणि २००० साली वारली. मंडालेच्या सिंहासनाचा एक धागा कोकणच्या संसारात असा विरघळून गेला. थिबाची गोष्ट सांगताना आपण वाड्यापाशी थांबतो. वस्तुतः ती पुढच्या आळीत आणखी ८० वर्षे चालू होती.

दुसरा बंदिवान अगदी निराळ्या जातीचा. विनायक दामोदर सावरकर अंदमानातून परत आणले गेले ते १९२१ साली, आणि त्यांना काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यानंतर १९२४ च्या जानेवारीत त्यांची येरवड्याहून सुटका झाली. तिला दोन अटी होत्या: रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडावयाची नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही. पाच वर्षांची ही मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. सरकारचा हिशेब तोच जुना होता: माणूस आडबाजूला ठेवला की त्याचे काम आपोआप विझते. थिबाच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आला होता. येथे तो चुकला. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी वाचकांची मते काहीही असोत, आणि ती टोकाची असू शकतात, रत्नागिरीतील या १३ वर्षांत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध आणि जातीच्या बेड्यांविरुद्ध जे काम उभे केले ते वेगळे पाहिले पाहिजे. शाळांतून मुलांना सरमिसळ बसवावे यासाठी खटपट झाली, सहभोजने झाली, देवळे उघडावीत म्हणून वादविवाद झाले. १९२७ च्या मार्चमध्ये महात्मा गांधी रत्नागिरीस आले असता त्यांची आणि सावरकरांची भेट झाली.

या साऱ्याचे दृश्य फळ म्हणजे १९३१ च्या फेब्रुवारीत खुले झालेले पतितपावन मंदिर. त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. ते मूळचे रत्नागिरीचे, भंडारी समाजातले. गरिबीत वाढले, मुंबईस गेले आणि बांधकामाच्या धंद्यात श्रीमंत झाले. दादरची हिंदू स्मशानभूमी ही त्यांचीच देणगी. आपल्याच गावच्या देवळात गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही हे ज्याने अनुभवले, त्या माणसाने सर्वांसाठी देऊळ बांधले. भागोजीशेठ गाव सोडून मुंबईस गेले नसते तर हे देऊळ उभे राहते ना. आणि सावरकरांना मुंबईस जाऊ दिले असते तरीही ते येथे उभे राहते ना. एकाला गाव सोडावे लागले, दुसऱ्याला सोडता आले नाही; या दोहोंच्या संगमावर पतितपावनाचा पाया आहे.

भागोजीशेठांचे नाव निघाले की रत्नागिरीच्या इतिहासाची दुसरी बाजू समोर येते. ज्या भूगोलाने बाहेरच्यांना येथे कोंडून ठेवले, त्याच भूगोलाने येथल्या माणसांना बाहेर हाकलले. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांतून पाण्याची ओरड असते, हे देशावरच्या माणसाला खरे वाटत नाही. पण जांभ्याचा सडा पाहिला म्हणजे समजते. वरून कठीण, आतून सच्छिद्र असा हा तांबडा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. ते व्हाळांतून धावत समुद्राला मिळते किंवा झिरपून निघून जाते. भाताला जमीन थोडी, ती भावाभावांत वाटून आणखी थोडी. मग घरातला कर्ता मुलगा मुंबईची बोट धरी. गिरणीत, गोदीत, पोलिसांत, पलटणीत, छापखान्यात आणि हापिसांत कोकणचा माणूस भरला तो या कातळामुळे. गावात राहिल्या त्या बायका, म्हातारे आणि पोस्टमनची वाट. मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा असे रत्नागिरीला हिणवण्यात येई. त्या मनिऑर्डरीवर किती घरांत चूल पेटली आणि किती मुले शिकली, याचा विचार हिणवणाऱ्यांनी केला नाही. 'चाकरमानी' हा शब्द आज गणपतीच्या गर्दीपुरता उरला आहे. पण तो मूळचा या जिल्ह्याच्या चरितार्थाचा शब्द आहे, आणि टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षकीच्या नोकरीत बदली होऊन १८६६ साली पुण्यास गेले, ते त्याच वाटेने, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एकाकीपणाने गाव अडाणी राहिले असे मात्र कोणी समजू नये. येथले जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. इंग्रजी अंमल येऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती तेव्हाचे. जिथे वर्तमानपत्र बोटीने येई आणि पावसाळ्यात तेही वेळेवर येत नसे, तिथे वाचनाची भूक एवढी लवकर जागी व्हावी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

असो. तो एकाकीपणा आता संपला आहे. बोटीची प्रवासी वाहतूक बंद पडली, घाटरस्ते सुधारले, आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. जेथे रूळ टाकणे अशक्य मानले जाई तेथे सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुड्याचा बोगदा आणि पानवलचा उंच पूल उभा राहिला, तोही याच शहराच्या आसपास. ही प्रगती हवीच होती. अडलेल्या बाळंतिणीला डोलीतून घाट चढवून नेण्यात कसलेही काव्य नाही. दुर्गमतेचे गोडवे गाणारे बहुधा शहरात राहणारे असतात.

प्रश्न निराळा आहे. दुर्गमतेने ज्या गोष्टी आपोआप राखल्या, त्या आता कोणी राखावयाच्या? याचे सर्वांत मोठे उदाहरण सड्यावरच आहे. ज्या कातळाला आपण नापीक, निरुपयोगी म्हणत आलो, त्यावर गेल्या काही वर्षांत शेकडो प्राचीन कोरीव चित्रे उजेडात आली आहेत. त्यांना कातळशिल्पे हे नाव आता रूढ झाले आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा, संगमेश्वर या भागांत ती आढळतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. बारसूच्या सड्यावर एक मनुष्याकृती आणि तिच्या दोहो बाजूंस झेपावणारे वाघ आहेत. आज कोकणात कोठेही नसलेला गेंडाही या चित्रांत भेटतो. त्यांचा काळ नेमका कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते ती मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात. परंतु ती कोणत्याही राजाच्या आधीची आहेत यात संशय नाही. ती शोधून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांना आहे. त्यांनी रजेच्या दिवशी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून ही स्थळे नोंदविली. सरकारी खाती मागाहून आली. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या रत्नागिरी जिल्ह्यातील स्थळांचा, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील एका स्थळासह, युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला.

आणि लगेच पुढच्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर उभे राहिले. या प्रकल्पाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. ज्या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या मुलगे मुंबईला दिले, त्याने रोजगाराकडे पाठ फिरवावी असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. परंतु एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. कातळशिल्पे नाहीशी व्हावयास प्रचंड कारखानाच लागतो असे नाही. चिरेखाण पुरते. आंब्याच्या कलमांसाठी सडा फोडणारे यंत्र पुरते. घराकडे जाणारा खडीचा रस्ताही पुरतो. वाडा पडावयाचा तर वर्षे लागतात आणि पडताना दिसतो. कातळावरची दोन बोटे खोलीची रेघ एका दुपारी नाहीशी होते आणि ती होती हे कोणाला कळतही नाही. शिवाय सडा हा बहुधा खाजगी मालकीचा, अनेक वारसांच्या नावे असलेला. त्यातले निम्मे मुंबईत. ज्याच्या जमिनीत हत्ती निघाला त्याने चिरा काढावयाचा नाही, असे सांगताना त्याला मोबदला काय, हे सांगण्याची तयारी आपली आहे काय? ती नसेल तर संरक्षणाचा फलक हा त्या शेतकऱ्यावर लादलेला दंड ठरतो, आणि दंड चुकविण्याकडे माणसाचा कल असतो.

शहरातल्या वास्तूंची स्थिती याहून बरी आहे, पण समाधानाची नाही. टिळकांचे जन्मघर शासनाच्या संरक्षणाखाली आहे. तुरुंगातील सावरकरांची कोठडी स्मारक म्हणून जपलेली आहे. थिबाच्या वाड्यात मध्यंतरी बराच काळ सरकारी उपयोग होत राहिला आणि आता तेथे शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. पण या तिन्ही जागांना जोडणारा धागा तेथे जाणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही. सहलीच्या बसमधून उतरलेली मुले वाड्यात रंगीत काचा पाहतात, रत्नदुर्गावर भगवतीचे दर्शन घेतात, मांडवीच्या काळ्या वाळूवर भेळ खातात आणि परत जातात. थिबा कोण, तो येथे का, आणि त्याच वेळी टिळक कोठे होते, हे त्यांच्या कानी पडत नाही.

थिबाचे थडगे तर बहुतेकांना ठाऊकही नसते. रत्नागिरीच्या वस्तीत, घरांच्या सान्निध्यात ते उभे आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन भारतभेटीत मुद्दाम रत्नागिरीस आले आणि त्या थडग्यापुढे नतमस्तक झाले, तेव्हा दोन दिवस शहरात धावपळ उडाली. आपले नेते रंगूनला गेले की बहादूरशाहाच्या कबरीवर फुले वाहतात. त्या देशाच्या माणसांसाठी रत्नागिरीचे हे थडगे तेच आहे. परराष्ट्रीय पाहुणा यावयाचा असेल तेव्हाच आवार झाडले जावे, हे शोभणारे नाही.

येथल्या शाळांना याबाबत करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या पंचक्रोशीतील सड्यांची, तेथील खुणांची आणि त्यांविषयी गावात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतींची वही ठेवावी, दर वर्षी नव्या वर्गाने तीत भर घालावी आणि तिची एक प्रत जिल्हा नगर वाचनालयात द्यावी. तलाठ्याच्या दप्तरात गट क्रमांक असतो, तो त्या वहीत यावा. म्हणजे उद्या खाणीचा अर्ज आला तर त्या गटात काय आहे हे टेबलावर बसलेल्या कारकुनाला निदान कळेल. आज ते त्याला कळण्याची सोय नाही. कित्येक ठिकाणी कातळावरील आकृतीला गावाने नाव दिलेले असते. देवीहसोळला शिल्पालगत आर्यादुर्गेचे स्थान आहे. जेथे असे नाव आणि असे स्थान उरले तेथे शिल्पही सहसा उरले आहे.